लाइनीचे सूत

नागपुरात वीज जात नाही, लाइन जाते. मे महिन्याच्या दुपारी कूलरचा आवाज एकाएकी थांबला की शेजारच्या गॅलरीतून हमखास प्रश्न येतो, "काकू, तुमच्याकडे लाइन आहे का हो?" आणि तासाभराने कूलर पुन्हा घरघरू लागला की गल्लीतली मुले ओरडतात, "लाइन आली!" पुण्यामुंबईकडे लाइट जातात, वर्तमानपत्रात वीजपुरवठा खंडित होतो, विदर्भात मात्र खांबावर चढणारा तो लाइनमन, तो ज्या तारेला हात घालतो ती लाइन आणि त्या तारेतून घरात जे येते तीही लाइनच. तारेचे नाव तारेतून वाहणाऱ्या शक्तीला देण्याचे हे काम इंग्रजीने केलेले नाही. इंग्रजी बोलणाऱ्या देशात हे वाक्य शब्दशः म्हटले, तर पंखा बंद पडल्याचे कोणालाही कळणार नाही. हा अर्थ आपण घडवला आहे, आणि तो घडवताना आपण त्या शब्दाच्या मूळ स्वभावाला विलक्षण धरून राहिलो आहोत, हे त्याचा इतिहास वाचताना मला जाणवले.

आपल्या रोजच्या बोलण्यातली 'लाइन' एकदा कान देऊन ऐकावी. रेशनच्या दुकानापुढे आपण लाइनीत लागतो. लग्नाच्या बोलणीत मुलगा कोणत्या लाइनला आहे, असे विचारले जाते आणि मेडिकल लाइन, कापडाची लाइन, ट्रान्सपोर्टची लाइन असे उत्तर येते. नळाची लाइन फुटते, फोनची लाइन लागत नाही, अर्जात दोन लाइनी वाढवाव्या लागतात, आणि वाया चाललेला पोरगा मामाने दुकानावर बसवल्यावर लाइनीवर येतो. पोलीस लाइन टाकळी हा तर शहरातला पक्का पत्ता आहे. मेट्रो आली तेव्हा तिची ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण आखली गेली आणि ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, आणि सीताबर्डीला जिथे या दोन्ही छेदतात तिथे 'लाइन बदला' असे प्रवासी एकमेकांना सहज सांगतात. कॉलेजच्या पोरांच्या तोंडी लाइन मारणे आहे, आजोबांच्या तोंडी 'आमच्या लाइनीतली माणसे' आहेत. यातले काही अर्थ इंग्रजीतून जसेच्या तसे आले, काही आपण जोडले; पण तार, रांग, धंदा, नळ, ओळ, वळण आणि वस्ती इतक्या लांबलांबच्या गोष्टी एका शब्दाखाली नांदत असतील, तर त्या शब्दाच्या पोटात काहीतरी एकच, हाताने धरता येईल अशी वस्तू असली पाहिजे.

तशी ती आहे, आणि ती जवस आहे.

लॅटिनमध्ये जवसाला 'लिनुम' म्हणत. जवसापासून केलेले ते 'लिनेउस', आणि जवसाच्या काडीतून काढलेल्या वाखाचा पीळ देऊन केलेली दोरी ती 'लिनेआ'. रोमन कोळ्याची गळाची दोरी लिनेआ होती, गवंड्याच्या ओळंब्याची दोरीही लिनेआ होती. अशी दोरी दोन बिंदूंमध्ये ताणली की जी सरळ खूण मिळते तिलाही पुढे तेच नाव मिळाले, म्हणजे रेषा हा अर्थ नंतरचा आणि दोरी हा आधीचा. इंग्रजीत हा शब्द दोनदा पोहोचला. जुन्या इंग्रजीत दोरखंड आणि रांग या अर्थांनी तो जर्मानिक भाषांमार्फत आधीच रुळला होता. पुढे १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंचमधून त्याचेच दुसरे रूप आले, आणि दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली की आज इंग्रजी 'लाइन'मधला कोणता अर्थ कोणत्या वाटेने आला हे वेगळे काढणे कोशकारांनाही सोपे नाही. लिनन हे कापड त्याच घरातले. कपड्याला आतून अस्तर लावणे यालाही इंग्रजीत लाइन करणे म्हणतात, कारण ते अस्तर मुळात लिननचे असे. आपला टेलर ब्लाउजला लायनिंग लावायचे का, असे विचारतो, तेव्हा तो त्या जुन्या जवसाच्या कापडाचेच नाव घेत असतो. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज कारागिराने जवसाचे तेल घट्ट करून जमिनीवर अंथरायचे आच्छादन बनवले आणि लिनुम व तेलाचा लॅटिन शब्द ओलेउम जोडून त्याला लिनोलियम हे नाव दिले. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या झाडाचे शास्त्रीय नाव नोंदवले ते 'लायनम युसिटॅटिसिमम', म्हणजे अत्यंत उपयोगाचे जवस. वनस्पतींच्या नावांत इतकी मोकळी प्रशंसा क्वचित आढळते.

मला या सगळ्यात विशेष वाटते ते हे, की ज्या झाडाच्या धाग्यातून हा शब्द निघाला ते झाड आपल्याला परके नाही. जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक आहे. पूर्व विदर्भात भाताच्या बांधीत, भात कापायच्या आधीच ओलीवर जवस फेकून पेरण्याची उतेरा पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हिवाळ्यात सकाळी फुललेले जवसाचे शेत ज्याने पाहिले आहे त्याला तो निळा रंग वेगळा सांगावा लागत नाही: वीतभर-हातभर उंचीची नाजूक झाडे, प्रत्येक टोकाला पाच पाकळ्यांचे एक फिकट निळे फूल, आणि उन्हे वर आली की त्या पाकळ्या गळू लागतात, त्यामुळे दुपारी तेच शेत साधे हिरवे दिसते. मागे राहते ते वाटाण्याएवढे गोल बोंड, आणि त्याच्या आत चपटे, तपकिरी, इतके गुळगुळीत दाणे की मुठीत घट्ट धरले तरी ते बोटांतून निसटतात. हे दाणे कोरड्या कढईत टाकले की थोड्या वेळात तडतडू लागतात आणि झाकण ठेवले नाही तर ओट्यावर उडतात. तडतड मंदावली की उतरवायचे, आणि लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून कुटायचे. ही जवसाची चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढ्यावर ज्वारीची भाकरी खाणारी घरे आजही आहेत. पूर्वी तर जवसाचेच तेल फोडणीला वापरले जाई. सिव्हिल लाइन्सला लागून असलेल्या महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालत आले आहे, आणि 'एनएल' ही अक्षरे नावात असलेले जवसाचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत.

मग आपल्याकडे जवस असताना जवसाची दोरी का झाली नाही, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर झाडाच्या बांध्यात आहे. जवसाचे दोन प्रकार माणसाने वेगवेगळे वाढवले. धाग्याचे जवस थंड, दमट हवेत, दाट पेरून वाढवतात. ते फांद्या न फुटता उंच वाढते, आणि बी पूर्ण पिकण्याच्या आतच ते काढतात, तेही कापून नव्हे तर मुळासकट उपटून, जेणेकरून धाग्याची लांबी वाया जाऊ नये. मग काडी दवात किंवा पाण्यात कुजवून, आपण अंबाडीचा वाख काढतो त्याच रीतीने, तिचा वाख सोडवतात. तेलाचे जवस बुटके असते, त्याला फांद्या अधिक फुटतात, बोंडे अधिक लागतात. आपल्या कोरड्या, उबदार हिवाळ्याने हा दुसरा प्रकार निवडला, आणि कापडासाठी आपल्याकडे कापूस होताच. म्हणून युरोपला जवसाचा धागा मिळाला आणि आपल्याला त्याचा दाणा. धाग्यावरून तिकडे शब्द झाला, दाण्यावरून इकडे चटणी झाली, आणि आता तो शब्द आणि ती चटणी नागपूरच्या एकाच घरात राहतात, एकमेकांची ओळख नसताना. सीताबर्डीच्या दुकानांतला महागडा लिननचा शर्ट याच झाडाच्या वाखाचा असतो, पण तो वाख बहुधा फ्रान्स-बेल्जियमकडच्या शेतांतून आलेला असतो. जवसाचे क्षेत्र आपल्याकडे गेल्या काही दशकांत फार आटले आहे, हरभऱ्याने आणि गव्हाने त्याची जागा घेतली आहे, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते.

दोरीवरून रेषा आणि रेषेवरून शिस्त, हा प्रवास केवळ लॅटिनने केला असे मात्र नाही. आपल्याकडे तो अधिक जुना आणि, माझ्या मते, अधिक खोल आहे. 'सूत्र' म्हणजे धागा, आणि सूत्र म्हणजे नियम. वेदी बांधण्याचे गणित ज्या ग्रंथांत आहे त्यांना शुल्बसूत्रे म्हणतात आणि शुल्ब म्हणजेही दोरी. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा कशी काढावी ते सांगितले आहे: सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ उभा खुंट, रोवावा, त्याच्या उंचीइतक्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, शंकूच्या सावलीचे टोक सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथे स्पर्श करते तिथे खुंट्या माराव्यात, आणि त्या दोहोंना जोडणारी ती प्राची. ज्याच्या हातात ही दोरी तो सूत्रधार, आणि सूत्रधाराचा झिजत झिजत आपला सुतार झाला. मराठीत उद्धट माणसाला आपण सुतासारखा सरळ करतो, दोन माणसांचे सूत जुळते, चतुर माणूस सुतावरून स्वर्ग गाठतो. कॉलेजच्या कट्ट्यावर ज्याला लाइन मारणे म्हणतात आणि पुढे ज्याला सूत जुळणे म्हणतात, त्या दोन्हींत एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेला तोच धागा आहे, हे पाहून मला भाषेच्या शहाणपणाचे फार कौतुक वाटते. हे दोन धागे एकमेकांना ठाऊक नसताना एकाच दिशेने गेले.

आमच्या ले-आउटमध्ये मध्यंतरी एका प्लॉटच्या कुंपणाची भिंत चालू होती, तेव्हा मी बराच वेळ मिस्त्रींचे काम पाहत उभी राहत असे. भिंतीच्या दोन्ही टोकांना विटांचे कोपरे आधी उभारायचे, त्यांना ओळंबा लावून पाहायचा, आणि मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पिवळा नायलॉनचा दोरा ताणून प्रत्येक थर त्या दोऱ्याला लावत न्यायचा. दोरा ताणला की मिस्त्री तो अंगठ्याने एकदा छेडून सोडत. तो टणक वाजला तर ठीक, नाहीतर "झोळ पडला, ताई, पुन्हा बांधतो" म्हणून ते खिळा सोडवत. त्या दोऱ्याला ते लाइनदोरी म्हणत. लाइन म्हणजेच दोरी, त्यामुळे या जोडशब्दात एकच वस्तू दोन भाषांतून दोनदा बांधलेली आहे, आणि त्या पिवळ्या नायलॉनखेरीज रोमन गवंड्याला त्यात अनोळखी असे काही वाटले नसते.

जमीन मोजण्यातही हीच दोरी आहे, फक्त ती फार मोठी होते. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश लष्करी मोजणी-अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ जी पाया-रेषा मोजली ती सुमारे साडेसात मैलांची होती. १०० फुटांची पोलादी साखळी पेट्यांत सरळ ताणून, तिचे तापमान नोंदवत, पुन्हा पुन्हा उचलून तिचे मोजमाप झाले, आणि त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण, म्हणजे भारताची शास्त्रीय मोजणी, उत्तरेकडे सरकत गेले. एकदा पाया-रेषा नीट मोजली की पुढच्या त्रिकोणांना मुख्यतः कोन मोजावे लागतात, लांबी गणिताने निघते; म्हणून पहिल्या रेषेतली इंचाची चूक शेकडो मैलांवर जाऊन वाढणार, हे ठाऊक असलेला तो माणूस वीस वर्षे त्या कामात राहिला. हैदराबादेहून नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला, आणि तो तिथेच पुरला गेला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने नेले. ज्याने रेषा काढली तो हिंगणघाटच्या मातीत आहे, आणि ज्याने ती पुढे वाढवली त्याचे नाव शिखराला आहे. आपल्या झीरो माइलच्या दगडी खांबाशेजारी याच सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाण-दगड आहे. तिथून जाताना लॅम्ब्टनची आठवण काढणारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत, ती भेटावीत असे वाटते.

सिव्हिल लाइन्समधली 'लाइन' मात्र लष्करातून आली. कंपनी सरकारच्या पलटणींचे तंबू आणि झोपड्या सरळ रांगांत असत, म्हणून शिपायांच्या वस्तीला लाइन्स म्हणत. १८२१ मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीत हा शब्द नागपूरच्या उंबरठ्यावर आलाच होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले बांधले गेले, आणि लष्करी नसलेली वस्ती ती सिव्हिल लाइन्स झाली. मोठमोठ्या आवारांतल्या त्या बंगल्यांत रांग म्हणावी असे काही नव्हते, तरी नाव टिकले. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे लाइन आली. त्यानंतर ज्या लाइनी वाढल्या त्यांच्यामुळे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात.

या कुळातला एकच शब्द असा आहे जो वापरताना मी थबकते. आपण रोज डेडलाइन पाळतो, चुकवतो, पुढे ढकलतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी होती. लाकडी तटाच्या आत काही अंतरावर एक हलका कठडा होता, आणि जो कैदी त्याला ओलांडेल किंवा नुसता पलीकडे हात घालेल त्याला मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी घालायची, असा नियम होता. त्या कठड्याचे नाव डेडलाइन. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याला फाशी झाली. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी हा शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी उचलला. मराठीत आपल्याकडे 'मुदत' आहे, आणि मुदतीत कोणाचा जीव जात नाही. तिथे मी मुदत म्हणते.

पण याचा अर्थ 'लाइन'च्या जागी सर्वत्र मराठी शब्द घालावेत असे मी म्हणत नाही. ओळ, रांग, रेघ, रेषा, वाहिनी, मार्गिका हे सगळे शब्द चांगले आहेत आणि प्रत्येकाचा आपला प्रांत आहे: ओळ लिहिण्याची, रांग माणसांची, रेघ पेन्सिलीची, रेषा भूमितीची. 'लाइन' यांपैकी एकाचीही जागा पूर्ण घेत नाही, आणि यांपैकी एकही 'लाइन'ची जागा पूर्ण घेत नाही. जो शब्द विदर्भातल्या शेतकऱ्याने मोटारपंपाच्या बटणापाशी उभे राहून, रात्रीच्या पाळीत लाइन कधी येते याची वाट पाहत वापरला, त्याला परका ठरवण्याचा अधिकार मला कोणत्याही कोशाला द्यावासा वाटत नाही. खांबापासून घरापर्यंत, विहिरीपासून बांधापर्यंत ताणलेली, तुटली तर सगळेच थांबेल अशी वस्तू, हाच त्या शब्दाचा पहिला अर्थ होता, आणि इंग्रजीत रेषेखाली दबून गेलेला तो ताण 'लाइन गेली' म्हणणाऱ्याने पुन्हा बाहेर काढला.

सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीएच्या, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, जुन्या मैदानावर हे सगळे धागे एकत्र येतात. क्रिकेटमध्ये चेंडू कोणत्या दिशेने येतो ती त्याची लाइन, आणि विलो या लाकडाची नवी बॅट खेळण्याजोगी करण्यासाठी तिच्या फळीवर जे तेल चोळतात ते जवसाचे. म्हणजे गोलंदाजाच्या हातात जवसाचा शब्द आणि फलंदाजाच्या हातात जवसाचे तेल. या मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने न्यूझीलंडच्या केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि इवन चॅटफिल्ड यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक होती, आणि तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत झाले होते. त्याच सामन्यात सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक काढले. तरीही त्या दिवशी मैदानात असलेली माणसे आजही आधी सांगतात ती त्या तीन चेंडूंची लाइन, आणि ती सांगताना हात हवेत सरळ पुढे नेऊन दाखवतात.